दोन पोटांची गाडी

१

बंडेप्पा भांडायला गेला आणि साक्षीदार होऊन परत आला.

त्याच्या विहिरीवरची मोटर या उन्हाळ्यात पुन्हा जळाली होती. जळक्या तांब्याच्या तारेचं वेटोळं हातात घेऊन, ते जाळणाऱ्याच्या नाकासमोर धरायचं असं ठरवून, तो भर दुपारी घराबाहेर पडला. जाळणारा म्हणजे शेजारचे जयतीर्थराव जहागीरदार. हुलसूरच्या त्या टोकाला दोघांची घरं आणि शेतं लागून. शेतीच्या पंपाला सरकार वीज फुकट देतं. जयतीर्थरावांनी त्या फुकटच्या लाइनीवरून आपल्या गाडीच्या शेडमध्ये वायर ओढली होती. गाडी वीज प्यायला लागली की बंडेप्पाच्या मोटरला धाप लागायची.

गाडी साधी नव्हती. तिला दोन पोटं होती, एक विजेचं आणि एक पेट्रोलचं. घरच्या प्लगवर वीज भरायची, वीज संपली की ती आपण होऊन पेट्रोलवर जायची. आसपास कुणी असली पाहिली नव्हती. किंमत ऐकून हुलसूरने आधी आ वासला, आणि मग तेवढ्या पैशात काय काय आलं असतं याचा हिशेब चौकातल्या हॉटेलात वर्षभर चालवला. हिशेब म्हशींपासून सुरू झाला होता; सध्या हेलिकॉप्टरवर अडला होता.

शेडचं शटर दिवसभर वर असायचं. गाडी लोकांना दिसलीच नाही तर घेतली कशाला? आज शटर खाली होतं. आत काहीतरी बोक्यासारखं घुरघुरत होतं.

"ओ राव! झोपलाव का? या भाईर, तुमची करणी दावतो!"

घुरघुर तशीच चालू राहिली. बंडेप्पाने वेटोळं काखेत मारलं, शटरच्या खालच्या कडेखाली दोन्ही हात घातले आणि जोर लावला. आतून भट्टीसारखी झळ आली, धुराचा भपका आला. लिंबाच्या झाडाला धरून तो पोटभर खोकला. मग त्याने काचेतून पाहिलं.

जयतीर्थराव पुढच्या सीटवर आडवे होते. जेवण झालं की ते रोज गाडीतच झोपत. घरातला कूलर गरम वारा फेकतो, गाडीतला एसी मात्र फुकटच्या विजेवर चालतो, हा त्यांचा सिद्धान्त. एसी चालू होता. चेहरा गुलाबी, टवटवीत. जिवंतपणी त्यांना इतकं ताजंतवानं कुणी पाहिलं नव्हतं. समोरच्या पडद्यावर एक हिरवं पान चमकत होतं. निसर्ग वाचवल्याबद्दल ते चालकाचे आभार मानत होतं.

दिवस मावळायच्या आत पोलिसांनी ड्रायव्हर नागेशला उचललं. त्याला शोधावं लागलं नाही. तो शेडबाहेरच उभा राहून रडत होता. पोलिसांच्या मते हे फारच संशयास्पद होतं.

२

तेरावा झाल्यावर विमा कंपनीची सर्व्हेअर आली. पंचशीला मूळची मुडबीची, राहायला कलबुर्गीला. ठोकलेल्या गाडीत किती जीव उरलाय ते सांगणं हा तिचा धंदा. इथे गाडी ठणठणीत होती आणि मालक गेला होता. हे तिच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. अपघात, खून की मालकाचा निष्काळजीपणा, एवढं कंपनीला हवं होतं. पैसे तिन्हीत द्यायचे नव्हते. फक्त कारण कोणतं लिहायचं ते ठरत नव्हतं.

पोलीस ठाण्याच्या फाटकाशी एक म्हातारी बसली होती. पंचशीलाच्या हातातली फाइल पाहून ती उठली.

"वकील हाव का, बाई?"

"न्हाई मावशी. मी गाड्या तपासते."

"मंग गाडीला इचारा की. गाडीला समदं ठाव असंल. माझ्या नागेशनं न्हाई मारलं." तिचं नाव भागाबाई. "पोटचं म्हणून सांगत न्हाई. त्याला कोंबडं कापाय होत न्हाई, बाई. आन कोर्टात नेऊन जन्मठेप करू म्हनायलेत."

आत पीएसआय हणमंतप्पांनी पंचशीलाला खुर्ची दिली आणि मोबाइलवर फोटो दाखवायला घेतले. पंचनाम्याचे थोडे होते. गाडीत बसलेल्या हणमंतप्पांचे पुष्कळ होते.

"तपासासाठी बसावं लागलं, मॅडम," ते म्हणाले. "काय गार करते! आमच्या जीपला धक्का मारायला दोन कॉन्स्टेबल लागतात. केस सोपी हाय. शटर कुणीतरी भाईरून ओढलं, इंजिनाचा धूर आत कोंडला, माणूस झोपेत गेला. आता, शटर रोज उघडतो-बंद करतो कोण? नागेश. आणि शटरच्या हँडलवर नागेशचे ठसे किती? एकपण न्हाई! म्हणजे काय?"

"काय?"

"पुसले! सराईत हाय बेणं. खाली कडेला बंडेप्पाचे ठसे हायत, ते उचलतानाचे."

पंचशीलाने पंचनाम्याचा फोटो बोटांनी मोठा केला. हँडल आणि पत्र्याच्या बेचक्यात कोळ्याचं जाळं होतं. जुनं, धुळीने भरलेलं, अख्खं. तिने ते मनात ठेवलं. हणमंतप्पांना मध्येच थांबवलं की ते पहिल्यापासून सुरू करतात, हे एव्हाना तिच्या लक्षात आलं होतं.

"आणि कारण?"

"पेट्रोल!" हणमंतप्पा खूश झाले. "ह्यानं पेट्रोल चोरलं, मालकानं चौकात झोडपलं. डूख धरला."

कोठडीत नागेश भिंतीला पाठ न टेकता बसला होता. का, ते त्याने सदरा वर केल्यावर कळलं.

"पोलिसांनी?"

"ह्ये वरचे पोलिसांचे. खालचे जुने रावांचे. चार्जरच्या वायरीनं." तो वस्तू ओळखून देत असल्यासारखं बोलत होता. "राव म्हणायचे, गाडी लाइटवर चालायली, मंग टाकीतलं पेट्रोल कुठं जायलंय? म्या म्हणलो, राव, गाडीच खायली असंल. तर म्हणले, गाडीला चोर म्हणतोस व्हय रे?"

"तू काढलंस का पेट्रोल?"

"आईची आन, न्हाई."

"शटर कसं ओढायचास?"

"आकडीनं. लोखंडाची हाय. शटरला वर कडी हाय, तिच्यात अडकवून." त्याने सदरा खाली ओढला. "हँडलला हात लावायचा न्हाई असं रावांचं सांगणं होतं. स्टेअरिंगला चालायचं. ते म्हणायचे, गाडीला इटाळ नसतोय, घराच्या दाराला असतोय."

हा नियम तिने वेगवेगळ्या शब्दांत लहानपणापासून ऐकला होता. मोटारीच्या भाषेत पहिल्यांदा ऐकत होती.

"त्या दिवशी आकडी कुठं होती?"

"सकाळी धाकल्या मालकाला आणाय भालकी स्टेशनला गेल्तो. येताना बॅटरी संपली. गाडी आत लावली, आकडी डिक्कीत टाकली. रोजच टाकतो. प्लग लावला, पर लाइनीला त्या आठवड्यात रातची पाळी. दुपारी लाइट कुठून येणार? शटर उघडंच ठेवून घरला जेवाय गेलो." त्याने वर पाहिलं. "मॅडम, गाडीत राव आतून लॉक करून झोपायचे. आकडी त्यांच्यासंगट आतच हुती. ह्ये कुणी इचारलंच न्हाई मला."

३

संकर्षण जहागीरदार पुण्यात कुठल्याशा कंपनीत इंजिनियर होता. बाप गेल्याचं दुःख त्याला होतं, पण बाप चुकल्याचं समाधान त्याला लपवता येत नव्हतं. ओट्यावर पंचशीलासाठी त्याने स्वतः खुर्ची आणून टाकली. बाहेरच टाकली.

"मी आधीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "घ्यायची तर पूर्ण विजेची घ्या, नाहीतर सरळ पेट्रोलची घ्या. ही म्हणजे दोन बायकांचा दादला. दोघींचा खर्च, आणि सुख एकीचंही नाही."

कुंपणापलीकडून बंडेप्पाने मान वर काढली. तो तिथे अगदी सहज, कान लावून उभा होता. "तसं कसं, धाकले मालक? रावांना ती परवडायलीच की! रोज हुलसूर ते हे इथलं कल्याण, आन परत. सगळं लाइटवर. लाइट फुकट. माझ्या मोटरीचं मढं पाडून का व्हईना, पर फुकट."

"मग पेट्रोल का संपत होतं?"

"मला काय ठाव? मी काय टाकीत बसतो काय?"

"खरं सांगू का?" पंचशीला म्हणाली. "रोज प्लग लावणाऱ्याला आणि जवळजवळ फिरणाऱ्याला ही गाडी पैसे वसूल करून देते. प्लग न लावणारा मात्र एका इंजिनावर दोन गाड्यांचं ओझं ओढत बसतो."

"आन आत झोपणाऱ्याला?" बंडेप्पाने विचारलं.

आपण काय विचारलं ते बंडेप्पालाही विचारून झाल्यावरच कळलं.

"बॅटरी संपली की एसीसाठी इंजिन आपोआप सुरू होतं," संकर्षण म्हणाला. "हे मी बाबांना जीव तोडून सांगितलं. ते म्हणायचे, मी आत असतो, मला कळणार नाही? पण त्यांची झोप म्हणजे... शेजारी बोअर मारली तरी कूस बदलायचे नाहीत."

"त्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं."

संकर्षणने कुंपणाकडे पाहिलं. बंडेप्पाचं डोकं खाली गेलं.

"झालं. जेवताना. गाडी विका आणि आईचे पैसे आईला द्या, म्हटलं. आईला तिच्या आईकडून संतपूरला शेत आलं होतं. ते विकूनच गाडी घेतली. तुला मंत्रालयला स्वामींच्या दर्शनाला नेतो, म्हणाले होते." त्याचा आवाज खाली आला. "आई त्या गाडीत एकदाही बसली नाही. तिच्या डोक्याच्या तेलाचे सीटवर डाग पडतात म्हणे."

"नंतर तुम्ही कुठे होतात?"

"वर. माझ्या खोलीत. झोपलो होतो."

"कुणी पाहिलं?"

"झोपलेल्या माणसाला कोण पाहतं?" तो बोलून गेला आणि त्याचा चेहरा उतरला. पंचशीलाने लिहून घेतलं: इंजिनाची माहिती आहे, कारण आहे, साक्षीदार नाही. मग ती उठली.

"आता आईंना भेटते."

"आईला काय विचारणार? तिला गाडीचं दार कुठून उघडतं तेही माहीत नाही."

४

शारदाबाई मागच्या पडवीत डाळ निवडत बसल्या होत्या. बारीक चण, केसांना चपचपीत तेल, नजर सुपात. पंचशीलाला बसायला त्यांनी पडवीची पायरी दाखवली आणि आतून चहा आणून ठेवला. कागदी कपात. घरात स्टीलच्या पेल्यांची उतरंड दिसत होती. पंचशीलाने कप उचलला. चहा चांगला होता. ही त्या घराची जुनी चलाखी.

"मला त्यातलं काही कळत न्हाई बाई," शारदाबाईंनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "पोलिसांनाही सांगितलंय. मी सोवळ्यात होते. ह्यांचं जेवण झालं, संकर्षणचं झालं, मग माझं पान मी वाढून घेतलं. सोवळ्यात शटरला हात लावते की काय? परत अंघोळ करावी लागली असती, आणि टाकीत थेंब नव्हता. लाइनच नव्हती ना."

हणमंतप्पांनी ही साक्ष शब्दशः मान्य केली होती. खून करायला माणूस धजेल, पण विटाळ करून घ्यायला जहागीरदारांची बाई धजणार नाही, हे त्यांना पटलं होतं.

"इथंच वाळत घालता का सोवळं?" पंचशीलाने सहज विचारलं. डोक्यावर, उंच दोरीवर, कुणाचा स्पर्श होऊ नये अशी रेशमी साडी टांगलेली होती. ती चढवायची-उतरवायची काठी कोपऱ्यात उभी होती. हिरवट, ताजी, पेरं न तासलेली.

"हं. आधी शेडच्या भिंतीला दोरी होती. पण दुपारी धूर यायचा. साडीला वास लागायचा तो धुतला तरी जात न्हाई. म्हणून इकडे आणली, होळीच्या सुमारास."

"नागेशला मारलं तेव्हा तुम्ही घरातच होतात?"

सुपातली बोटं थांबली आणि परत चालू लागली. "चौकात मारलं. मी चौकात जात न्हाई."

"घरी आवाज आला असेल."

"आला."

पंचशीलाने कप संपवला. टाकायचा कुठे, म्हणून तिने अंगणात नजर फिरवली. मोरीच्या पाण्यावर दोडक्याचा वेल तरारला होता. या उन्हात गावातलं हिरवं तेवढंच. वेल एका काठीवर चढला होता. काठी काळीभोर, मुठीच्या जागी वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. वरच्या टोकाला वाकडा खिळा, आणि त्या खिळ्याभोवती मेणचट, कोळशासारखा काळा चिकटा. मोरीच्या पाण्याचे शिंतोडे त्यावर पडून घरंगळत होते.

"दोडका छान आलाय," पंचशीला म्हणाली.

"घरापुरता," शारदाबाई म्हणाल्या.

फाटकाबाहेर येऊन पंचशीलाने हणमंतप्पांना फोन लावला. "साहेब, नागेशला घेऊन शेडवर या. ठसे सापडलेत."

"कुणाचे?"

"नसलेले."

५

शेडसमोर सगळे जमले. हणमंतप्पा, बेड्या घातलेला नागेश, त्याच्या मागोमाग चालत आलेली भागाबाई, संकर्षण, कुंपणावर कोपरं टेकून बंडेप्पा. शारदाबाई घराच्या कोपऱ्यापर्यंत आल्या आणि तिथे उंबरा असल्यासारख्या थांबल्या.

"पहिली गोष्ट," पंचशीला म्हणाली. "पेट्रोल कुणी चोरलं नाही. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात दिवसा लाइन नसायची. सकाळी गाडी फिरून बॅटरी संपवायची, आणि राव दुपारी आत झोपायचे. एसीसाठी इंजिन आपोआप चालायचं. पेट्रोल रावांची झोप पीत होती."

भागाबाईने तोंडावर पदर दाबला. नागेश गाडीकडे पाहत राहिला. 'गाडीच खायली असंल' असं तो म्हणाला होता, त्याचे वळ अजून पाठीवर होते.

"म्हणजे मारणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक पाहिजेत. एक, इंजिन आपण होऊन सुरू होतं. दोन, शटर बंद केलं की झालं. दुसरं काहीच करावं लागत नाही. आता शटर. साहेब, तुमचा फोटो बघा. हँडलवर ठसे नाहीत, कारण पुसले, असं तुम्ही म्हणता. ठसे पुसणाऱ्याने कोळ्याचं जाळं तसंच ठेवलं? कोळ्याला दयामाया दाखवली?"

हणमंतप्पांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला.

"त्या हँडलला कुणी हातच लावला नव्हता. संकर्षण पुण्याचे. त्यांनी ओढलं असतं तर सरळ हँडल धरून ओढलं असतं. बंडेप्पा अण्णांचे ठसे खालच्या कडेला, उचलतानाचे. शटर हात न लावता खाली आलंय. वरच्या कडीत काहीतरी अडकवून."

"आकडी!" हणमंतप्पा ओरडले. "नागेशची!"

"आकडी डिक्कीत. डिक्की गाडीत. गाडी आतून बंद, आणि आत राव. आता राव उठून नागेशला आकडी देऊन परत जाऊन मेले असतील, तर मी घरी जाते."

बंडेप्पाला हसू आलं. त्याने ते तंबाखूबरोबर थुंकलं.

"या घरात शटरला हात न लावणारी दोन माणसं आहेत," पंचशीला म्हणाली. "एकाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणून त्याला आकडी दिली. दुसरं माणूस स्वतःच हात लावून घेत नाही. त्याचीही एक काठी आहे."

संकर्षणने हळूच आईकडे पाहिलं. लगेच नजर काढून घेतली.

"शारदाबाईंना गाडीतलं काही कळत नाही, हे खरं. पण त्यांचं सोवळं शेडच्या भिंतीला वाळायचं आणि दुपारी त्याला धुराचा वास लागायचा. विजेवरच्या गाडीला धूर कुठून? गाडी दुपारी काय करते हे संकर्षणना पुस्तकातून कळलं, नागेशला अंदाजाने. शारदाबाईंना नाकाने कळलं. होळीपासून."

ती अंगणात गेली आणि दोडक्याच्या वेलाला हात घातला.

"ओढू नका," शारदाबाई पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या. "वेल पडेल."

वेल पडला. पंचशीलाने काठीचं टोक शटरच्या पट्टीजवळ नेलं. पट्टीला ग्रीस होतं आणि कडीभोवतीही होतं. काळं, मेणचट. खिळ्यावरही तेच. वरच्या कडीवर एक ताजा ओरखडा होता. खिळा त्यात आपल्या घरी आल्यासारखा बसला.

"पाणी ओतून ग्रीस जात नाही," पंचशीला म्हणाली. "तुम्ही ही काठी दोरीखाली होती तिथंच ठेवली असती, तर मला आयुष्यात कळलं नसतं. सोवळ्याची काठी कोण तपासतं? पण नागेशची आकडी रोज लागायची त्या कडीला ही लागली. काठी ओवळी झाली. मग सोवळ्याला कशी चालेल? म्हणून तुम्ही नवी आणली. जुनी टाकवेना, म्हणून दोडक्याला दिली."

६

सगळे काठीकडे पाहत राहिले. मग शारदाबाई म्हणाल्या, "ह्यांच्या तोंडावर ऊन येत होतं. म्हणून शटर ओढलं. बायको एवढंही करत न्हाई का?"

हणमंतप्पांचा चेहरा उजळला. अपघात! कागद कमी लागतात. पण पंचशीला तिथेच उभी होती.

"शक्य आहे. मग नागेशला नेलं तेव्हा का नाही सांगितलंत? तेरा दिवस तो आत मार खातोय. त्याआधी चौकात खाल्ला. पेट्रोल कुठं जातं ते तुम्हाला ठाऊक होतं. एक शब्द बोलायचा होता."

शारदाबाईंनी पदर सावरला. पदर सावरताना दंड दिसला. दंडावर जुने, पांढुरके पडलेले वळ होते, वायरीच्या जाडीचे. नागेशने ते पाहिले आणि ओळखले.

"ह्यांचा रागही त्या गाडीसारखाच," त्या म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं. "दोन टाक्यांवर चालायचा. एक रिकामी झाली की दुसरीवर जायचा. नागेश मिळाला तेव्हापासून मला सुटी होती. उन्हाळाभर एकदा न्हाई. मी बोलले असते, तर वायर परत घरात आली असती."

"आई!"

"तुला काय नवीन आहे?" शारदाबाई लेकाकडे वळल्या. "सुटीत यायचास, कानात ती बोंडं घालून वर बसायचास. शेत विकलं तेव्हाही वरच होतास. आता गाडी विका, म्हणालास. जेवता जेवता. उठून ह्यांनी मला मोरीत बोलावलं आणि विचारलं, पोराला शिकवलंस का? नागेश घरी गेला होता ना जेवायला. मग म्हणाले, झोपून उठलो की बघतो." त्यांनी शेडकडे पाहिलं. "म्हटलं, नका उठू."

भागाबाई पुढे झाली. भांडेल असं सगळ्यांना वाटलं. ती शारदाबाईंच्या समोर उभी राहिली, बोटभर अंतरावर. त्या घरात तिला इतकं जवळ कुणी येऊ दिलं नव्हतं.

"अक्का," ती म्हणाली, "तुमच्या वाटचं माझं लेकरू खात होतं. आन तुमी डाळ निवडायलाव व्हय?"

शारदाबाई मागे सरकल्या नाहीत. पंचशीलाला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. दोघींपैकी कुणाला बोलावं ते तिला कळेना. एकाच वायरीने दोन पाठी सोलल्या होत्या. एकीने गप्प राहून दुसरी विकली होती. हे लिहायला तिच्या कंपनीच्या कागदावर रकाना नव्हता.

हणमंतप्पांनी नागेशची बेडी काढली. माफी मागायची पद्धत खात्यात नसल्यामुळे त्यांनी बेडी फक्त खिशात घातली आणि म्हणाले, "जा. नशीब तुझं." मग जीप सुरू करायला सांगितलं. जीप सुरू झाली नाही. कॉन्स्टेबलांनी धक्का मारला. जीपने खोकून दाखवलं आणि गप्प बसली.

"त्यात न्या की," शारदाबाई शेडकडे पाहून म्हणाल्या.

पुराव्याची वस्तू वापरता येत नाही, असा नियम होता. हणमंतप्पांनी तो क्षणभर आठवला आणि चालकाच्या जागेवर बसले. रात्रीच्या लाइनीवर गाडी पोटभर चार्ज झाली होती. आवाज न करता ती शेडबाहेर आली. शारदाबाई मागच्या सीटवर बसल्या. दार कुठून उघडतं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यांनी डोकं मागे टेकवलं, चपचपीत तेलाचं, पूर्ण भाराने. आणि डोळे मिटले.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

चौकातल्या हॉटेलात लोक उठून उभे राहिले. गाडी गेल्यावर बसले. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणालं की हेलिकॉप्टरच्या बाजूने बघितलं तर किंमत तशी वाजवी वाटते, आणि हिशेब परत सुरू झाला.

पुढच्या आठवड्यात पंचशीला शेवटचे फोटो घ्यायला आली. गाडी शेडमध्ये परत आली होती. उदगीरहून गिऱ्हाईक येणार होतं. मागच्या सीटवर डोक्याच्या आकाराचा, काळपट, गोल डाग होता. तिने त्याचा फोटो घेतला आणि लिहिलं: वाहन सुस्थितीत, मागील सीटवर तेलाचा डाग.

संकर्षणने नागेशला बोलावून घेतलं होतं. येईल याची त्याला खात्री होती. नागेश आलाही.

"हे बघ, झालं ते झालं," संकर्षण म्हणाला. "तेवढा डाग काढ. साबण घे, पेट्रोल घे, काय लागेल ते घे. गिऱ्हाईक दुपारी येतंय. आणि आकडी डिक्कीतच आहे. जाताना शटर ओढून जा."

नागेशने मागचं दार उघडून डाग पाहिला. बोटाने चाचपला. दार लावलं. आकडी डिक्कीतच राहिली. तो शटरखाली गेला, हात वर केला, हँडल मुठीत धरलं. कोळ्याचं जाळं त्याच्या बोटांत तुटलं. त्याने एका हिसक्यात शटर खालपर्यंत आणलं. एवढा आवाज त्या शटरने कधी केला नव्हता.

मग हात न पुसता तो रस्त्याला लागला.

"अरे, डाग?" संकर्षण ओरडला.

नागेश वळला नाही. हँडलवर पाच बोटं स्पष्ट उमटली होती. आता ठसे पाहायला पोलीस मात्र कुणी नव्हते.